दुव्यांची साक्ष आणि मराठीचे स्थान

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याचा आनंद छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अंमळ अधिक झाला असल्यास नवल नाही. मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून ज्या ‘गाथासप्तशती’चा आधार घेण्यात आला, ती हाल सातवाहनाची, आणि सातवाहनांची राजधानी असलेले पैठण याच जिल्ह्यातले. तथापि भाषेला दर्जा देणारा आणखी एक दरबार आता अस्तित्वात आला आहे. तेथे मंत्रिमंडळाचा ठराव चालत नाही आणि तज्ज्ञ समितीचा अहवालही चालत नाही. सिल्लोडचा किंवा वैजापूरचा एखादा विद्यार्थी मलिक अंबरच्या नहरीविषयी मराठीतून शोध घेऊ लागतो, तेव्हा असंख्य पानांपैकी कोणते त्याच्यासमोर प्रथम यावे आणि कोणते सहसा कोणी उलगडत नाही अशा दहाव्या यादीत जावे, याचा निर्णय क्षणार्धात होतो. हा निर्णय करणाऱ्या शोधयंत्राला मराठीचे प्रेम नाही आणि द्वेषही नाही. ते साक्षी गोळा करते. कोणत्या पानाने कोणत्या पानाकडे बोट दाखवले आहे हे ते पाहते, आणि पानांचा क्रम लावताना त्या साक्षींचे वजन हिशेबात धरते. ही साक्ष म्हणजेच दुवा. मराठी ज्ञानव्यवहारात असे दुवे देण्याची सवय कितपत आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. मराठीतून शिकणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

साक्ष मोजण्याची कल्पना

शोधयंत्रांचा आरंभ अशा रीतीने झाला नव्हता. १९९५ मध्ये सुरू झालेले अल्टाव्हिस्टा आणि त्या काळातील अन्य शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्द पाहत. ज्या पानावर ‘अजिंठा’ हा शब्द अधिक वेळा आला, ते पान अजिंठ्याविषयी अधिक अधिकारी, असा तो ढोबळ हिशेब होता. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. एकच शब्द शेकडो वेळा लिहायचा, पानाच्या पार्श्वभूमीच्याच रंगात तो दडवायचा आणि यंत्राला फसवायचे, ही विद्या व्यापाऱ्यांनी लवकरच हस्तगत केली. आपल्याच तोंडाने आपली थोरवी गाणाऱ्याला यंत्र मानाचे पान देऊ लागले.

१९९८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी निराळा मार्ग मांडला. पान स्वतःविषयी काय सांगते यावर न विसंबता इतर पाने त्याचा हवाला देतात काय हे पाहावे, आणि हवाला देणारे पान स्वतः किती प्रतिष्ठित आहे हेही पाहावे, असे त्याचे सूत्र होते. या पद्धतीला ‘पेजरँक’ हे नाव मिळाले आणि तिच्याच पायावर ‘गूगल’ उभे राहिले. तिच्यावरील मूळ टिपणाच्या चार लेखकांत कानपूरच्या आयआयटीत शिकलेले राजीव मोटवानी हेही होते. कल्पना मात्र सर्वस्वी नवी नव्हती. कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे किती जणांनी घेतला, याची पद्धतशीर सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकातच सिद्ध केली होती. विद्वानांच्या जगातील हा रिवाज पेज आणि ब्रिन यांनी साऱ्या जाळ्याला लावला.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या लिपिकाला हे तत्त्व फारसे समजावून सांगण्याची गरज पडू नये. मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाच्या आरंभी ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या मथळ्याखाली पूर्वीच्या निर्णयांचे क्रमांक व दिनांक दिलेले असतात. ज्या निर्णयाचा हवाला पुढचे वीस निर्णय देतात तो मूळ आणि महत्त्वाचा, हे आस्थापना शाखेत काही वर्षे काढलेला माणूस सहज ओळखतो. वित्त विभागाच्या निर्णयाने घेतलेला आधार आणि एखाद्या कार्यालयीन पत्राने घेतलेला आधार यांचे वजन सारखे नसते, हेही त्याला ठाऊक असते. शोधयंत्र हेच करते. फरक एवढाच की लिपिकाच्या टेबलावर शे-दोनशे निर्णयांची धारिका असते आणि यंत्रापुढे अब्जावधी पाने.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा होतो, याचे चित्र याच शहराच्या भूमीत पुरलेले आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगराकडचे पाणी भूमिगत नहरीने शहरात खेळवले. नहरीला फाटे फुटले की प्रवाह वाटला जातो. फाटे जितके अधिक, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा ओघ कमी. शिवाय भरलेल्या नहरीचा एक फाटा दहा कोरड्या नाल्यांपेक्षा अधिक पाणी देतो. पेजरँकमध्ये प्रत्येक पानाचे वजन त्याने दिलेल्या दुव्यांत असेच समान वाटले जाते. ज्या पानाने शेकडो दुवे वाटले त्याचा एकेक दुवा हलका ठरतो. ज्या वजनदार पानाने मोजकेच दुवे दिले त्याचा प्रत्येक दुवा भारी ठरतो. याच गणिताची दुसरी मांडणी अशी की, एक काल्पनिक वाचक शंभरपैकी सुमारे ८५ वेळा समोरच्या पानावरील एखाद्या दुव्याने पुढे जातो आणि उरलेल्या १५ वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी घेतो. असा तो अविरत भटकत राहिला, तर ज्या पानावर तो अधिक वेळा सापडेल ते अधिक वजनाचे.

त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग या संगणकशास्त्रज्ञाने आणखी एक उपयुक्त भेद दाखवून दिला. काही पाने स्वतः अधिकारी असतात. काही पाने वाटाड्याचे काम करतात, म्हणजे चांगल्या पानांची वाट दाखवतात. चांगला वाटाड्या तो, जो अधिकारी पानांकडे नेतो. आणि अधिकारी पान ते, ज्याच्याकडे अनेक चांगले वाटाडे नेतात. ग्रंथालयातील विषयवार सूची किंवा जाणत्या शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेली संदर्भग्रंथांची यादी ही या दुसऱ्या प्रकारची. स्वतः ग्रंथ न लिहिणाऱ्यालाही ज्ञानव्यवहारात मानाचे स्थान आहे, हे यातून ध्यानात यावे.

भाडोत्री साक्षीदार

जेथे साक्षीला किंमत येते तेथे भाडोत्री साक्षीदारही येतात, हा कोर्टाच्या आवारातील जुना अनुभव आहे. जाळ्यावर तो फार लवकर आला. दुवा ज्या शब्दांवर बसवलेला असतो, ते शब्दही यंत्र ध्यानात घेते. याचा फायदा घेऊन २००३ मध्ये अनेक लोकांनी संगनमताने ‘दयनीय अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राचा दुवा बसवला आणि ते शब्द शोधणाऱ्याला ते चरित्र प्रथम दिसू लागले. त्या पानावर ते शब्द नव्हते. साक्षीदारांनी ते त्याला चिकटवले होते. या चेष्टेवर गूगलला जानेवारी २००७ मध्ये उपाय योजावा लागला.

चेष्टेपेक्षा व्यापार अधिक गंभीर होता. दुवे विकणारी आणि परस्परांची पाठ थोपटण्यासाठीच उभी केलेली हजारो संकेतस्थळे निघाली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण उजेडात आणले. तिच्या मालाशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य पानांवरून तिच्याकडे दुवे रोवलेले आढळले आणि त्यांच्या बळावर ती अनेक वस्तूंच्या शोधांत अग्रस्थानी जाऊन बसली होती. कंपनीने आपल्याला याची माहिती नसल्याचे सांगितले आणि या कामासाठी नेमलेल्या सल्लागार संस्थेला दूर केले. गूगलनेही तिचे स्थान खाली आणले. तत्पूर्वी २००५ मध्येच ‘हा दुवा साक्ष म्हणून धरू नये’ अशी खूण दुव्याला जोडण्याची सोय शोधयंत्रांनी केली होती. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने अशा बनावट दुव्यांविरुद्ध ‘पेंग्विन’ नावाची मोठी सुधारणा अमलात आणली. विकत घेतलेल्या साक्षीवर उभी राहिलेली अनेक संकेतस्थळे तिच्यामुळे खाली फेकली गेली.

हा रोग केवळ व्यापाऱ्यांचा आहे, असे समजून शिक्षकवर्गाने निश्चिंत राहण्याचे कारण नाही. विद्यापीठीय बढत्यांना शोधनिबंधांची संख्या जोडली गेली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. २०१९ मध्ये त्याने नवी यादी केली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिकांची पारख विद्यापीठांवर सोपवली. मोजणीला फळ जोडले की मोजणीच बिघडते. यास्तव मराठीला वर आणण्यासाठी सर्वांनी सर्वांना वाटेल तसे दुवे देत सुटावे, असा उपाय कोणी सुचवत असल्यास तो मुळातच त्याज्य मानला पाहिजे. उंटाच्या लग्नात गाढवाने गाणे गावे आणि दोघांनी एकमेकांची वाहवा करावी, त्यातलाच तो प्रकार होईल. हवी आहे ती खरी साक्ष.

चार नावांचे शहर

खऱ्या साक्षीचे मोल आणि ती जपण्यातील अडचण कळण्यासाठी छत्रपती संभाजीनगरइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे शहर वसवले. १६२६ मध्ये त्याचा मुलगा फत्तेखान याने त्याला फत्तेनगर हे नाव दिले. १६५३ मध्ये ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. पहिल्या दोन बदलांच्या वेळी कागदपत्रेच मर्यादित होती. २०२३ चा बदल मात्र अशा काळात झाला, की शहराविषयीची असंख्य पाने, त्यांवरील दुवे आणि त्या दुव्यांवरील शब्द जुन्या नावाने आधीच जगभर पसरलेले होते.

सरकारी अधिसूचनेने कार्यालयांवरील पाट्या बदलतात, शिक्के बदलतात, रेल्वे स्थानकावरील फलकही बदलतात. परंतु टोकियोतील एखाद्या कलाभ्यासकाने वेरूळविषयी लिहिताना दिलेला दुवा, किंवा आज हयात नसलेल्या संशोधकाच्या प्रबंधातील संदर्भ, कोणत्याही अधिसूचनेच्या कक्षेत येत नाही. ती साक्ष जुन्या नावानेच उभी राहणार. त्यातच बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. कोणते औरंगाबाद विचारले आहे हे यंत्राला भोवतालच्या शब्दांवरून आणि दुव्यांवरून ताडावे लागते. यात नामांतराच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न कोठेही येत नाही. ज्याला नवे नाव प्रिय आहे त्यालाही हा व्यवहार चुकत नाही. नवे नाव जाळ्यात रुजावे असे वाटत असेल, तर जुन्या नावाकडून नव्याकडे जाणारी वाट स्पष्ट राखावी लागेल. ज्या पानावर ‘पूर्वीचे औरंगाबाद’ हा साधा उल्लेखही उरत नाही, ते पान साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या संदर्भांशी असलेले नाते आपल्याच हाताने तोडते.

महसूल खात्यातील कोणाही कर्मचाऱ्याला हे सातबाराच्या भाषेत सांगता येईल. जमिनीचा धारक बदलला की फेरफाराची नोंद होते आणि जुन्या नावाकडून नव्या नावाकडे कसे आलो हे त्या नोंदीवरून कळते. फेरफाराशिवाय नाव बदललेला उतारा संशयास्पद ठरतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलतानाही अशीच नोंद ठेवता येते. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पोचवणारी कायमची व्यवस्था करता येते, आणि ती केली तर जुन्या दुव्यांची साक्ष नव्या पानाला मिळते. ती न केल्यास वर्षानुवर्षे साचलेले दुवे मृत होतात. दुर्दैवाने आपल्याकडील सार्वजनिक संस्थांची संकेतस्थळे नव्याने बांधताना हा फेरफार पुष्कळदा विसरला जातो. नवा ठेकेदार येतो, नवी रचना येते आणि जुनी पाने एका रात्रीत नाहीशी होतात. हा दोष केवळ आपला नव्हे. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती, असे अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवून दिले. परंतु ज्या भाषेत पानेच थोडी आहेत, तिला ही हानी अधिक जाणवते.

शहरातील विद्यापीठाचा इतिहासही हेच सांगतो. १९५८ मध्ये ते मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि दीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव मिळाले. त्याआधीच्या ३५ वर्षांतील प्रबंध आणि ग्रंथ जुन्या नावाने उद्धृत झालेले आहेत. दोन्ही नावांचे संदर्भ एकाच संस्थेच्या खात्यावर जमा झाले नाहीत, तर मराठवाड्यातील एका पिढीच्या संशोधनाची साक्ष वाऱ्यावर जाते.

बंद वाडे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. जाळ्यावरील मजकुरात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या इंग्रजीचा असल्याचे मानले जाते. मराठीचा त्यातील वाटा नगण्य आहे. परंतु पानांची संख्या कमी, एवढेच सांगून विषय संपत नाही. जी मराठी पाने आहेत ती एकमेकांना ओळखत नाहीत. वाईच्या विश्वकोश मंडळाने अनेक दशकांच्या श्रमाने सिद्ध केलेले २० खंड आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांतील माहिती लेखांत, भाषणांत, शाळेच्या प्रकल्पांत सर्रास वापरली जाते. किती ठिकाणी विश्वकोशाचे नाव येते आणि किती ठिकाणी त्या नोंदीचा दुवा येतो, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. ‘एका अभ्यासकाच्या मते’, ‘इतिहासकार सांगतात’, ‘असे म्हटले जाते’ या शब्दप्रयोगांनी मराठी लेखनात बस्तान बसवले आहे. त्यांत अभ्यासकाचे नाव नसते, ग्रंथाचे नसते, पानाचे तर नसतेच. वृत्तपत्रांनाही दुसऱ्याचा दुवा दिला तर वाचक हातचा जाईल अशी धास्ती वाटते.

त्यातून एक विपरीत व्यवहार घडतो. मराठी लेखक आधार देतो तेव्हा बहुधा इंग्रजी पानाचा देतो, कारण शोधात तेच वर आलेले असते. त्या दुव्याने इंग्रजी पानाचे वजन आणखी वाढते आणि पुढच्या शोधात ते अधिकच ठळकपणे समोर येते. त्याच विषयावरचे चांगले मराठी पान, कोणी बोट न दाखवल्यामुळे, खालीच राहते. वळणाचे पाणी वळणावर जाते हे खरे, परंतु येथे ते वळण ज्याने त्याने आपल्या हाताने कोरलेले आहे.

शिवाय मराठीतील पुष्कळसे वाचन आणि लेखन आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत चालते. शिक्षक आपल्या टिपणाचे छायाचित्र काढून वर्गाच्या गटावर पाठवतात, विद्यार्थी ते पुढे पाठवतात आणि चार ठिकाणी फिरून लेखकाचे नाव गळून पडते. त्या बंद वाड्यात शोधयंत्राला प्रवेश नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकुराची आणि अस्पष्ट छायाप्रतींची गतही फारशी वेगळी नाही. तेथे ज्ञान असेलही. त्याची साक्ष मात्र कोणापर्यंत पोचत नाही.

ही उदासीनता मराठीच्या स्वभावातच आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून गौरवला जाणारा ‘लीळाचरित्र’ अशा रीतीने साक्षींवर उभा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना मूळ कागद वाचकांपुढे ठेवण्याचा आग्रह धरला, तो याच वृत्तीने. ज्या भाषेत कोणी सांगितले याला एवढे महत्त्व होते, तिने आज ‘साभार’ या एका शब्दात सर्व ऋणे फेडावीत, हे शोभणारे नाही.

करण्याजोगे पुष्कळ

येथे मोठा निधी लागत नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील प्रत्येक शासन निर्णयाला आधीच स्वतंत्र संकेतांक मिळतो. त्याच्या आरंभी दिलेले संदर्भ आज केवळ वाचण्यापुरते असतात. त्या प्रत्येक क्रमांकावरून त्या त्या निर्णयापर्यंत थेट जाता येईल अशी व्यवस्था झाली, तर मराठी संदर्भांचे एक प्रचंड आणि विश्वसनीय जाळे आपोआप उभे राहील, आणि धारिका चाळण्यात जाणारे लिपिकांचे तासही वाचतील. महानगरपालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने नहर, पाणचक्की, दरवाजे आणि लेणी यांची मराठी पाने नीट करावीत, त्यांवरून अधिकारी ग्रंथांकडे व संस्थांकडे दुवे द्यावेत आणि कोणतेही पान हलवताना जुन्या पत्त्याचा फेरफार नोंदवावा. ही अपेक्षा अवास्तव नाही.

महाविद्यालयांची जबाबदारी त्याहून मोठी आहे. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात मराठी प्रबंधही आहेत. मराठवाड्याच्या इतिहासावर, बोलींवर, दुष्काळावर, दलित साहित्यावर आपल्याच विद्यापीठात झालेले काम किती अभ्यासक्रमांच्या याद्यांतून उद्धृत होते? प्रत्येक विभागाने आपल्या विषयातील विश्वासार्ह मराठी साधनांची, दोन-दोन ओळींच्या टिपणासह, एक यादी उघड्या पानावर ठेवली आणि ती दरवर्षी तपासली, तर क्लाइनबर्ग यांनी सांगितलेले वाटाडे गावोगाव तयार होतील. शाळेतील शिक्षकाने प्रकल्प तपासताना ‘हे कोठून घेतले?’ हा एक प्रश्न कटाक्षाने विचारावा आणि उत्तरासाठी गुण राखून ठेवावेत. विद्यार्थ्याने आपण वाचलेल्या चांगल्या मराठी पानाचा नामनिर्देश करावा. न वाचलेल्याचा करू नये. जे पान चुकीचे आहे त्याची चूक दाखवावी, पण केवळ ते मराठी आहे म्हणून त्याची शिफारस करू नये. दुव्याची किंमत तो देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाएवढीच असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो अनाठायी नाही. दुव्यांचे महत्त्व पूर्वीइतके उरलेले नाही, असे खुद्द गूगलचे अधिकारी सांगतात. पानाचा मजकूर, भाषा, शोधणाऱ्याचे ठिकाण अशा कितीतरी गोष्टी आज क्रम ठरवताना विचारात घेतल्या जातात. २०२४ पासून तर शोधाच्या उत्तरात यंत्राने रचलेला सारांशच सर्वांत वर येऊ लागला आहे. मग दुव्यांची चिंता कशाला? याचे उत्तर असे की तो सारांशही शेवटी कोणाच्या तरी लिखाणावरूनच रचला जातो, आणि कोणाचे लिखाण ग्राह्य मानावे हा प्रश्न यंत्राला टळत नाही. साक्षी तपासण्याच्या रीती बदलल्या तरी साक्षीची गरज संपत नाही. उलट सारांश वाचून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला मुळाशी जाण्याची वाट आता अधिक आवश्यक झाली आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतील संघीय न्यायालयाने सर्वसाधारण शोधाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. एका कंपनीच्या हाती एवढी सत्ता असावी काय, हा वाद चालूच राहील. पण तो मिटेपर्यंत मराठी भाषकांनी आपले पुरावे विस्कळीत ठेवावेत, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

मराठीत ‘दुवा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक साखळीतील कडीचा, आणि दुसरा वली व सिराज यांच्या या शहराला उर्दूमुळे चांगलाच परिचित असलेला, आशीर्वादाचा. ज्याच्याकडून काही शिकलो त्याचे नाव घेऊन इतरांना त्याच्या दारापर्यंत पोचवणे, यात दोन्ही अर्थ सामावतात. अभिजात दर्जाचा गौरव दरवर्षी ३ ऑक्टोबरला होत राहील. त्या दिवशी सत्कार आणि भाषणे यांच्याबरोबर प्रत्येक शाळेने, महाविद्यालयाने आणि कार्यालयाने आपल्या मराठी पानांवरील मृत दुवे काढून नीट केले आणि नव्याने वाचलेल्या पाच चांगल्या मराठी पानांची साक्ष दिली, तर मराठीतून प्रश्न विचारणाऱ्या सिल्लोडच्या विद्यार्थ्याला तिचा खरा उपयोग होईल.